पेठ बदलण्याची किंमत

१ नोव्हेंबर १९९५ रोजी इंटेल कंपनीने ‘पेंटियम प्रो’ हा नवा प्रोसेसर बाजारात आणला. कंपनीच्या ओरेगॉनमधल्या चमूने त्यावर काही वर्षे मेहनत घेतली होती, आणि नव्या धर्तीच्या प्रोग्रॅमवर तो खरोखरच वेगवान होता. पण दोनच महिन्यांपूर्वी, २४ ऑगस्टला, ‘विंडोज ९५’ आले होते आणि जगभरच्या टेबलांवर तेच चालणार होते. त्याच्या पोटात जुन्या, १६-बिट धर्तीचा बराच कोड शिल्लक होता. या जुन्या कोडवर महागडा पेंटियम प्रो साध्या पेंटियमच्या फारसा पुढे जाईना. काही चाचण्यांत तर तो मागे पडला.

त्यामागचे एक मुख्य कारण ऐकायला अगदी क्षुल्लक वाटेल. प्रोसेसरच्या आत ‘सेगमेंट रजिस्टर’ नावाच्या काही छोट्या जागा असतात. एका जागेत एक आकडा मावतो. तो आकडा पुसून दुसरा लिहायचा, एवढेच काम. जुना कोड हे काम पदोपदी करत असे, आणि दर वेळी नव्या प्रोसेसरला अडखळायला होई.

हा आकडा बदलण्याची किंमत किती, हा प्रश्न १९७८ पासून विचारला जात आहे. उत्तरे वेळोवेळी बदलली. पण मधल्या काळात ‘सेगमेंट बदलणे महाग असते’ हे वाक्य तारीख गळून पडलेल्या कागदासारखे हातोहात फिरत राहिले, आणि त्या वाक्याच्या भरवशावर संगणकाच्या सुरक्षेतली एक अख्खी यंत्रणा आधी अडगळीत गेली, मग मोडीत निघाली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात आकड्यालाही तारीख असते, आणि ती न पाहता आकडा वापरला तर काय होते, याचे हे एक बोलके प्रकरण आहे.

दोन चिठ्ठ्यांचा पत्ता

१९७६ मध्ये इंटेलचे सगळे लक्ष एका महत्त्वाकांक्षी प्रोसेसरवर होते. पुढे तो ‘४३२’ या नावाने ओळखला गेला. तो तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर प्रतिस्पर्ध्यांना तोंड द्यायला काहीतरी हवे, म्हणून एक तात्पुरती चिप करायचे ठरले आणि तिची रचना स्टीफन मोर्स यांच्याकडे सोपवली गेली. मोर्स मूळचे सॉफ्टवेअरचे. हेच मोर्स पुढे न्यूयॉर्कच्या एलिस आयलंड बंदरावर उतरलेल्या स्थलांतरितांच्या नोंदी शोधण्याची साधने तयार करणारे म्हणून वंशावळी धुंडाळणाऱ्या मंडळींत प्रसिद्ध झाले. तात्पुरती म्हणून केलेली त्यांची चिप ‘८०८६’ या नावाने जून १९७८ मध्ये बाहेर पडली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमधले प्रोसेसर तिचेच वंशज आहेत.

मोर्स यांच्यापुढची अडचण पत्त्याची होती. प्रोसेसरमधल्या प्रत्येक जागेत १६ बिट मावत, म्हणजे शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचाच आकडा लिहिता येई. स्मृती मात्र त्याच्या सोळापट, दहा लाखांहून थोड्या जास्त खोल्यांची हवी होती. चिठ्ठी लहान आणि शहर मोठे. तोडगा पुण्याच्या माणसाला सहज कळेल असा होता: शहराच्या पेठा करा. एका चिठ्ठीवर पेठ लिहा, दुसरीवर पेठेतला घर क्रमांक. पेठेचा आकडा सोळाने गुणायचा, त्यात घर क्रमांक मिळवायचा, की खरा पत्ता तयार.

या पेठा मात्र मोठ्या विचित्र होत्या. दर सोळा घरांनंतर एक नवी पेठ सुरू होई आणि प्रत्येक पेठ ६५,५३६ घरांपर्यंत पसरे. म्हणजे पेठा एकमेकींवर चढलेल्या, आणि एकच घर एकाच वेळी चार हजारांहून अधिक पेठांत. नेमका आकडा ४,०९६. एकाच घराचे इतके पत्ते असले की दोन पत्ते एकाच घराचे आहेत की नाहीत, हे ठरवायलाही हिशेब करावा लागे.

प्रोसेसरजवळ अशा पेठांच्या चार चिठ्ठ्या असत. हुकूम कुठून वाचायचे त्याची एक, माहिती कुठे आहे त्याची एक, चालू कामाची चळत कुठे रचली आहे त्याची एक आणि वरकड कामासाठी एक. हीच ती सेगमेंट रजिस्टरे. पेठेतल्या पेठेत हिंडायचे तर नुसता घर क्रमांक पुरे. दुसऱ्या पेठेत जायचे तर आधी चिठ्ठीवरचा आकडा बदलायचा. त्यामुळे त्या काळच्या प्रोग्रॅमरला ‘जवळचा पत्ता’ आणि ‘लांबचा पत्ता’ असा भेद करावा लागे आणि कोणता प्रोग्रॅम किती पेठांत पसरायचा ते आधीच ठरवावे लागे. कंपायलरमध्ये त्यासाठी स्मॉल, मीडियम, कॉम्पॅक्ट, लार्ज, ह्यूज अशा पायऱ्याच असत.

चिठ्ठी बदलण्याचा खर्च किती? इंटेलच्या पुस्तकातल्या तक्त्यात उत्तर होते: दोन ठोके. प्रोसेसरच्या आत एक घड्याळ सतत ठोके देत असते आणि प्रत्येक हुकमाला किती ठोके लागतात यावरून त्याची किंमत ठरते. दोन ठोके म्हणजे जवळजवळ फुकट. सेगमेंट बदलण्याची ही पहिली नोंदलेली किंमत.

बखर आणि अस्सल कागद

मराठी इतिहासाच्या वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक सांगायला नको. बखरीत घटना सुबक, सलग सांगितलेली असते. समकालीन पत्रात ती अर्धवट, पण त्या दिवसाची असते. प्रोसेसरच्या बाबतीत कंपनीने छापलेला ठोक्यांचा तक्ता ही बखर, आणि चालू यंत्रावर घेतलेले मोजमाप हा अस्सल कागद.

हा फरक ठळकपणे दाखवला मायकेल अब्राश यांनी. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला ‘पीसी’ आणला, त्यात ८०८६ चे स्वस्त भावंड ८०८८ होते. ते सेकंदाला ४७.७ लाख ठोक्यांनी चाले. अब्राश यांनी त्या पीसीतल्याच वेळमापक चिपचा उपयोग करून कोडच्या छोट्या तुकड्यांना लागणारा वेळ मोजणारे साधन तयार केले आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यावर सविस्तर लिहिले. तक्ता आणि वस्तुस्थिती यांत मोठी तफावत निघाली.

कारण सोपे होते. ८०८८ स्मृतीतून एका वेळी एकच बाइट आणू शके आणि त्याला चार ठोके लागत. चिठ्ठी बदलण्याचा हुकूम दोन बाइटांचा. तो अंमलात आणायला दोन ठोके लागत असतील, पण तो वाचून आणायलाच आठ लागत. पुढचे हुकूम आगाऊ आणून ठेवायला चार बाइटांची एक छोटी रांग असे. पण असे चटपटीत हुकूम ओळीने आले की ती रिकामी होई, आणि मग दोन ठोक्यांचे काम आठ ठोक्यांना पडे. त्यातच स्मृतीतली माहिती विरून जाऊ नये म्हणून यंत्र दर ७२ ठोक्यांनी ती ताजी करत बसे. तेवढा वेळ प्रोसेसर थांबून.

तक्ता खोटा नव्हता. तो फक्त एकाच गोष्टीबद्दल बोलत होता, हुकूम हातात आल्यावर काय होते त्याबद्दल. तो हातात येईपर्यंत काय होते, हे त्याने सांगितले नव्हते. तक्त्यात छापलेली किंमत आणि यंत्रावर मोजावी लागणारी किंमत यांतले हे अंतर या प्रकरणात पुढे वारंवार दिसते.

पेठेच्या वेशीवर चौकी

१९८२ च्या फेब्रुवारीत आलेल्या ८०२८६ या प्रोसेसरने पेठेचा अर्थच बदलून टाकला. ८०८६ च्या शहरात कोणीही कुठेही जाऊ शके. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या घरात शिरून सामान उलथेपालथे करी आणि सगळे यंत्र ठप्प होई. मोठ्या संगणकांच्या जगात यावर उपाय आधीच सापडला होता. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात सुरू झालेल्या ‘मल्टिक्स’ प्रणालीत स्मृतीचे स्वतंत्र विभाग करून प्रत्येकाला कोण शिरू शकते, कोण नुसते वाचू शकते आणि कोण लिहू शकते याचे नियम लावले होते. अधिकारांची एकात एक अशी वर्तुळे आखली होती. ८०२८६ ने ही कल्पना छोट्या चिपवर आणली.

‘संरक्षित’ रीतीत चालताना चिठ्ठीवरचा आकडा आता पेठेचा क्रमांक राहिला नाही. तो दफ्तरातल्या नोंदीचा क्रमांक झाला. चिठ्ठी बदलली की प्रोसेसर दफ्तराकडे जाई, तिथली आठ बाइटांची नोंद काढी आणि तपासणी सुरू करी. ही पेठ कुठे सुरू होते, केवढी आहे, सध्या जागेवर आहे का, इथे लिहिण्याची मुभा आहे का, आणि मागणाऱ्याचा अधिकार पुरेसा आहे का? सगळे ठीक असेल तर त्या नोंदीची नक्कल प्रोसेसर आपल्या आतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या कप्प्यात ठेवी. नंतर प्रत्येक घराशी जाताना तेवढी मर्यादा पाहिली की झाले. तपासणी वेशीवर, गल्लीत नाही.

या चौकीची किंमत इंटेलच्या तक्त्यातच दिसते. साध्या रीतीत चिठ्ठी बदलायला २ ठोके, संरक्षित रीतीत १७. त्यानंतरच्या ८०३८६ वर (१९८५) हे आकडे २ आणि १८ असे होते. हुकूम तोच, काम मात्र आठ-नऊपट महाग. वाढलेला खर्च चिठ्ठीवर आकडा लिहिण्याचा नव्हता. तो दफ्तर उघडण्याचा आणि दस्तक तपासण्याचा होता. ‘सेगमेंट बदलणे महाग’ या वाक्याचा जन्म इथला, आणि त्या दिवशी ते अगदी खरे होते.

इतक्यात ४३२ चाही निकाल लागला होता. १९८१ मध्ये तो आला तेव्हा त्यात संरक्षणाची कल्पना टोकाला नेली होती. जवळपास प्रत्येक वस्तूला स्वतःची वेस आणि चौकी. तो इतका संथ निघाला की बाजाराने त्याकडे पाठ फिरवली. ‘प्रोसेसरच्या आत संरक्षण नको, परवडत नाही’ असा धडा पुष्कळांनी त्यातून घेतला. पण रॉबर्ट कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३२ चा बारकाईने अभ्यास केला आणि १९८८ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. संथपणाचा मोठा वाटा रचनेतल्या टाळता येण्याजोग्या चुकांचा आणि कच्च्या कंपायलरचा होता, एकट्या संरक्षणाचा नव्हता, असे त्यात निघाले. पण तोवर धडा घेऊन झाला होता.

सपाट शहर

८०३८६ ने आणखी एक गोष्ट केली आणि सगळ्या प्रकरणाला वेगळे वळण लागले. त्यात चिठ्ठी ३२ बिटांची झाली. नुसत्या घर क्रमांकात चारशे कोटींहून जास्त घरे मावू लागली. मग पेठा हव्यातच कशाला? सगळ्या शहराची एकच पेठ करा, चारही चिठ्ठ्यांवर तीच लिहून ठेवा आणि विसरून जा. संरक्षणासाठी ८०३८६ मध्ये दुसरी सोय होतीच. स्मृतीची ४,०९६ बाइटांची ‘पाने’ करून प्रत्येक प्रोग्रॅमला पानांची स्वतंत्र अनुक्रमणिका द्यायची. पुढच्या बहुतेक कार्यप्रणालींनी हा सपाट शहराचा मार्ग धरला.

संक्रमणाच्या खुणा मात्र राहिल्या. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये ८०३८६ वर लिहिलेल्या पहिल्यावहिल्या लिनक्समध्ये पेठाच होत्या. प्रत्येक प्रोग्रॅमला ६४ मेगाबाइटची एक पेठ, अशा जास्तीत जास्त ६४. एकूण चार गिगाबाइट. एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जायला प्रोसेसरचा जो एकसंध हुकूम होता त्याला तीनशेच्या आसपास ठोके लागत. पुढे लिनक्सने दोन्ही सोडले. पण प्रोग्रॅमच्या स्मृतीत डोकावताना वापरल्या जाणाऱ्या ‘एफएस’ या सेगमेंट रजिस्टरचे नाव एका फंक्शनला चिकटले होते, ‘सेट एफएस’. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या रजिस्टरचा तो उपयोग संपला, तरी नाव चालत राहिले, आणि इंटेलच्या प्रोसेसरसाठीच्या लिनक्समधून ते २०२० च्या डिसेंबरमध्ये निघाले. वेस पडून गेल्यावरही चौकाला तिचे नाव राहावे, तसाच हा प्रकार.

विंडोज मात्र पेठांतच राहत होते. १९९० चे विंडोज ३.० आणि १९९२ चे ३.१ यांचे बहुतेक प्रोग्रॅम १६-बिटचे होते आणि संरक्षित रीतीत चालत. लांबच्या पत्त्यावर जायचे म्हणजे चौकी ओलांडायची. त्या दशकात आपल्याकडेही छपाईची जुळणी खिळ्यांवरून संगणकावर आली आणि डीटीपीच्या खोल्यांत हीच यंत्रे लागली. पान हलवले, अक्षराचा आकार बदलला की आत पेठा बदलत. समोर बसलेल्याला दिसायचे ते फक्त काही क्षण थांबलेले वाळूचे घड्याळ.

इंटेलने हा खर्च कमी करायचा प्रयत्न केला नाही असे नाही. ८०४८६ वर (१९८९) संरक्षित रीतीतली किंमत ९ ठोक्यांपर्यंत उतरली. १९९३ च्या पेंटियमवर ती आणखी खाली आली. या पेंटियमच्या जडणघडणीत पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांचा मोठा वाटा होता. थोडक्यात, १९८२ ची महागाई १९९३ मध्ये राहिलेली नव्हती. पण तोवर नवे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी पेठा सोडून दिल्या होत्या. महाग म्हणून कोणी वापरत नाही, आणि कोणी वापरत नाही म्हणून पुढे स्वस्त करायची निकड नाही, असे चक्र सुरू झाले.

पेंटियम प्रो या चक्रातूनच निघाला. त्याच्या रचनाकारांचे अग्रणी होते ४३२ चा अभ्यास करणारे तेच रॉबर्ट कॉलवेल. हा प्रोसेसर हुकूम ओळीने न घेता जे आधी करता येईल ते आधी करून टाकी, आणि त्यासाठी सामान्य रजिस्टरांच्या अनेक प्रती बाळगी, म्हणजे एकाचे काम संपायची वाट दुसऱ्याने पाहायला नको. सेगमेंट रजिस्टरांना ही सोय दिली नव्हती. ती आता क्वचितच बदलतील असा हिशेब होता. त्यामुळे चिठ्ठी बदलण्याचा हुकूम आला की मागच्या सगळ्या रांगेला थांबावे लागे. हिशेब चुकला तो काळाचा. १६-बिट कोड जाईल हे खरे होते, पण तो १९९५ मध्ये गेलेला नव्हता. १९९७ च्या पेंटियम २ मध्ये ही उणीव बरीचशी भरून काढण्यात आली.

मोजायचे कसे

इथे मोजण्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण या प्रकरणातले वाद पुष्कळदा मापाचेच वाद आहेत.

पेंटियममध्ये प्रथमच ठोके मोजणारा एक आतला गणक आला. इंटेलने सुरुवातीला त्याची माहिती सर्वांना दिली नव्हती. नॉर्वेच्या टेर्जे मॅथिसेन यांनी ती स्वतः हुडकून जुलै १९९४ च्या ‘बाइट’ मासिकात मांडली. यानंतर मोजणे वरवर सोपे झाले. गणक वाचा, हुकूम द्या, पुन्हा गणक वाचा, वजाबाकी करा.

प्रत्यक्षात तसे नसते. पेंटियम प्रोपासून प्रोसेसर हुकमांचा क्रम बदलतो, त्यामुळे गणक वाचणेच मागेपुढे होऊ शकते. त्याला मुद्दाम अडसर घालावा लागतो. गणक वाचण्याचाही खर्च असतो, तो वजा करावा लागतो. मध्येच यंत्राला दुसरे काम आले तर एखादे माप अवाच्या सवा येते, म्हणून हजारो मापे घेऊन बहुधा सरासरीऐवजी सर्वांत लहान माप धरतात. आणि सेगमेंटच्या बाबतीत सर्वांत मोठी मेख दफ्तराची आहे. एकच चिठ्ठी पुन्हापुन्हा लिहून मोजले तर दफ्तरातली नोंद प्रोसेसरच्या जवळच्या, वेगवान स्मृतीत येऊन बसलेली असते. खऱ्या कामात दोन बदलांच्या मध्ये बरेच काही होऊन गेलेले असते आणि नोंद लांबून आणावी लागू शकते. म्हणून मोजमापात मिळते ती कमीत कमी किंमत. रोजच्या व्यवहारातली किंमत तिच्याहून जास्त.

हे सगळे काटेकोरपणे करून प्रोसेसरांच्या एकेका पिढीचे तक्ते लावणारे सर्वांत परिचित नाव म्हणजे डेन्मार्कचे ॲग्नर फॉग. १९९६ पासून ते हे तक्ते वाढवत आले आहेत, आणि अभ्यासाने ते मानववंशशास्त्रज्ञही आहेत. कुठल्याही पदवीशिवाय या विषयात शिरलेल्या माझ्यासारख्याला ही गोष्ट फार धीर देते. कंपनीच्या तक्त्याशी न जुळणारी माहिती एका माणसाने घरोघरच्या यंत्रांवर मोजून गोळा करावी आणि जगाने ती प्रमाण मानावी, हे काम आपल्याकडच्या दप्तरे धुंडाळणाऱ्या संशोधकांच्या जातकुळीचे आहे.

कशाच्या तुलनेत महाग?

सगळे जग पेठा सोडत असताना एका माणसाने मात्र नव्याने हिशेब केला. योखेन लिड्टके हे जर्मनीतले संगणकतज्ज्ञ. कार्यप्रणालीचा गाभा अगदी लहान ठेवावा आणि बाकीची कामे वेगवेगळ्या, एकमेकांपासून सुरक्षित प्रोग्रॅमांना वाटून द्यावीत, या विचाराचे ते पुरस्कर्ते. या विचारावर मुख्य आक्षेप वेगाचा होता. असे प्रोग्रॅम एकमेकांना सतत निरोप पाठवतात, आणि त्या काळच्या ‘माख’ या प्रसिद्ध प्रणालीत ८०४८६ वर एका छोट्या निरोपाला सुमारे ११५ मायक्रोसेकंद लागत. १९९३ मध्ये लिड्टके यांनी आपल्या ‘एल३’ प्रणालीत हेच काम सुमारे पाच मायक्रोसेकंदांवर आणून दाखवले.

त्यात एक छोटी युक्ती सेगमेंटची होती. बहुतेक प्रोग्रॅम सपाट शहरातच राहतात, पण एखाद्याने चिठ्ठी बदललेली असू शकते. सुरक्षेसाठी दर निरोपाच्या वेळी सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्यात तर प्रत्येकीला नऊ ठोके. लिड्टके यांनी त्या नुसत्या वाचून पाहिल्या. आकडा अपेक्षित असेल तर हात लावायचा नाही. वेगळा असेल तरच लिहायचा. वाचणे स्वस्त, लिहिणे महाग. तपासणीचा खर्च असा तपासूनच वाचवला.

दुसरी युक्ती अधिक मूलगामी होती. पानांच्या पद्धतीत एका प्रोग्रॅमवरून दुसऱ्यावर जाताना अनुक्रमणिका बदलते, आणि प्रोसेसरने जवळ टिपून ठेवलेल्या पानांच्या नोंदी पुसल्या जातात. पेंटियममध्ये अशा ९६ नोंदी मावत आणि एक परत आणायला किमान नऊ ठोके. म्हणजे सगळ्या परत यायच्या तर ८६४. लिड्टके यांनी १९९५ मध्ये सुचवले की लहान प्रोग्रॅमना एकाच अनुक्रमणिकेत शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यामधली भिंत सेगमेंटची करा. मग प्रोग्रॅम बदलताना नोंदी पुसायचे कारणच उरत नाही; फक्त पेठ बदलते. पेंटियमवर त्याची किंमत पंधरा ठोक्यांच्या आसपास.

पंधरा ठोके महाग की स्वस्त? दोनच्या तुलनेत महाग, ८६४ च्या तुलनेत नगण्य. जग ‘सेगमेंट महाग’ म्हणत होते ते १९८२ मधली ८०८६ ची आणि ८०२८६ ची तुलना मनात ठेवून. लिड्टके यांनी तुलनेची दुसरी बाजू बदलली आणि उत्तर उलटे झाले. २००१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्यांच्या गाभ्याची परंपरा आजही चालू आहे, पण पेठांची युक्ती चालू राहू शकली नाही. तिच्या पायाखालची जमीनच काढून घेतली गेली.

वेशी पाडल्या

ती एएमडी या कंपनीने काढून घेतली. एप्रिल २००३ मध्ये तिने ६४-बिटचा ‘ऑप्टेरॉन’ आणला आणि पुढे इंटेललाही तीच रचना स्वीकारावी लागली. नव्या रीतीत सेगमेंट जवळपास रद्द झाले. चारही जुन्या चिठ्ठ्यांचा आरंभ शून्य धरायचा, हद्द तपासायचीच नाही. ‘एफएस’ आणि ‘जीएस’ या दोनच चिठ्ठ्यांना आरंभबिंदू उरला. कोणी वापरत नाही, मग बोजा कशाला, हा विचार अवास्तव नव्हता.

पण वापरणारे होते. एका यंत्रात दुसरे यंत्र भासवणारी व्हीएमवेअर कंपनी आपला पहारेकरी प्रोग्रॅम पाहुण्या प्रोग्रॅमपासून सेगमेंटच्या हद्दीनेच वाचवत असे. ती अडचणीत आली, आणि एएमडीला नंतरच्या चिपमध्ये हद्दीची तपासणी ऐच्छिक स्वरूपात परत आणावी लागली. इंटेलने ती आणली नाही. २००९ मध्ये गूगलच्या संशोधकांनी परक्या प्रोग्रॅमला ब्राउझरच्या आत सुरक्षित कोंडण्याची पद्धत मांडली. ३२-बिटवर कोंडवाडा सेगमेंटचा होता. ६४-बिटवर वेशी उरल्या नसल्यामुळे प्रत्येक पाऊल सॉफ्टवेअरने तपासावे लागले. पुढच्या वर्षीच्या निबंधात त्याचा सरासरी खर्च सात टक्के नोंदवला आहे. चौकी उठवली म्हणून पहाऱ्याचा खर्च संपला नाही. तो वेशीवरून घरोघरी गेला.

उरलेल्या दोन चिठ्ठ्यांचेही तेच. एकाच प्रोग्रॅमच्या अनेक शाखा एकदम चालतात तेव्हा प्रत्येकीचे खासगी सामान कुठे आहे, हे आज याच चिठ्ठ्या सांगतात. त्यांचा आरंभबिंदू बदलायला सुरुवातीला गाभ्याच्या दारात जाऊन एक मंद, विशेषाधिकाराचा हुकूम द्यावा लागे. २०१२ मध्ये इंटेलने साधा, वेगवान हुकूम दिला. लिनक्सने तो सर्वांना खुला केला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये. मधली आठ वर्षे हुकूम चिपमध्ये होता, पण तो खुला केल्यावर गाभ्याच्या दारातली जुनी गृहीतके मोडत होती, आणि ती एकेक करून तपासायला वेळ लागला.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा दोष उघड झाला. गाभा आणि प्रोग्रॅम एकाच अनुक्रमणिकेत ठेवण्याची जुनी सवय धोक्याची ठरली, आणि इंटेलच्या बहुसंख्य यंत्रांवर गाभ्याच्या दारातून जाता-येता अनुक्रमणिका बदलणे भाग पडले. स्वस्त समजलेला रस्ता एका रात्रीत महाग झाला. मग मे २०१९ मध्ये आणखी दोष निघाले. त्यांत प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांत राहिलेली माहिती दुसऱ्याला टिपता येत होती. ते कप्पे दर वेळी पुसायचे, तर त्यासाठी हुकूम कोणता? इंटेलने ८०२८६ च्या काळातला, क्वचितच कोणी वापरत असलेला एक हुकूम निवडला. ‘या पेठेत लिहिण्याची मुभा आहे का’ एवढेच तो विचारत असे. चिपमधली सूचनावली बदलून त्याच्या गळ्यात कप्पे पुसण्याचे काम घातले. आज पुष्कळ यंत्रांवर तो पेठेसाठी नव्हे तर या सफाईसाठी सेकंदाला हजारो वेळा चालतो.

मे २०२३ मध्ये इंटेलने या साऱ्या जुन्या अवशेषांना चिपमधून काढून टाकण्याचा प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो सोडून दिला. म्हणजे पेठा काढण्याचीही किंमत आहे, आणि ती अजून कोणाला परवडलेली नाही.

या सगळ्या हिशेबातून कोणता एक आकडा खरा म्हणायचा? दोन, आठ, सतरा, नऊ, पंधरा हे सगळेच खरे आहेत; प्रत्येकाला स्वतःचे यंत्र आहे, स्वतःचे वर्ष आहे आणि शेजारी ठेवायचा दुसरा एक आकडा आहे. १९८२ चे ‘महाग’ १९९५ मध्ये तसेच उचलले गेले आणि १९९५ चे ‘निरुपयोगी’ २००३ मध्ये. या प्रवासात संरक्षणाचे एक साधन गेले, आणि ते गेल्यावर त्याची गरज नव्याने लक्षात आली. ज्यांनी पुन्हा मोजले ते थोडे होते. त्यांचे कागद उपलब्ध होते. निर्णय मात्र बखरीवर झाले.

आजही संगणकाचे बटण दाबले की पहिल्या काही क्षणांसाठी प्रोसेसर १९७८ च्या रीतीनेच जागा होतो. पेठांचा पत्ता लावतो, सोळाने गुणतो, चिठ्ठ्या बदलतो, आणि मग सपाट शहरात निघून जातो. त्या क्षणांची किंमत कोणी मोजत नाही.